रूफस मेबरी, पाने पाचशे बारा

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

पेपरात आतल्या पानावर, राशिभविष्याच्या शेजारी, चार बोटांची बातमी. अमेरिकेतला सोल संगीताचा सम्राट रूफस मेबरी याचं चरित्र निघालं. पाचशे बारा पानं. मारामाऱ्या, पिस्तूल, तीन बायका, दोनदा तुरुंग. माझा चहा सांडला. बायको राजाबाई म्हणाली, "कोण वारलं का?"

कोणी वारलं नाही. उलट तीस वर्षं ज्याची एकच कॅसेट ऐकतोय तो आता कुठे नीट भेटणार.

सूनबाई अस्मिताने लगेच मोबाइलवरून मागवलं. वीस तारखेला येणार. मुलगा कुलदीप दाढी करता करता म्हणाला, "आण्णा, ते इंग्रजीत आहे." जसं काही मला माहीतच नाही. सातवी झालो म्हणून काय झालं? न्हावा शेव्याच्या यार्डात चोवीस वर्षं कंटेनर चेकर होतो. प्रत्येक कंटेनरवर चार इंग्रजी अक्षरं, सात आकडे. दिवसाला दोनशे डबे. एक नंबर चुकला नाही. या सोसायटीत माझ्याइतकं इंग्रजी कोणी वाचलं असेल तर समोर यावं.

रोज पंचवीस पानं. एकवीस दिवसांत पुस्तक खलास.

संकल्प: पुस्तक संपेपर्यंत राग बंद. डॉक्टरने वरचं प्रेशर एकशे सत्तर सांगितलंय. कोणावरही हात उचलायचा नाही.

७ जानेवारी

कबुतरावर चप्पल फेकली. कबूतर संकल्पात येत नाही.

चप्पल खालच्या मजल्यावर सेक्रेटरी सुभाष यांच्या डोक्यावर पडली. ते सूर्याला पाणी देत होते. परत द्यायला वर आले आणि देईनात. आधी भाषण. मी चप्पल धरली, त्यांनीही धरली होती, मी सोडली. ते जिन्यात बसले. आता सगळीकडे सांगतात, शहाजीरावांनी ढकललं. सोडलं म्हणजे ढकललं नव्हे.

हात उचलला नाही. पहिला दिवस उत्तम.

९ जानेवारी. दुपारी

झोप येईना म्हणून लिहितो. कॅसेट कशी मिळाली हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

एका जहाजावरच्या खानसाम्याने ती हसुरामला दिली. हसुराम करावे गावचा, आमच्या यार्डात टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजून लिहिणारा. मॅट्रिक. इंग्रजी कागदपत्रं तोच वाचायचा. सोबत गाण्यांचा छापील कागद होता. कॅन्टीनमध्ये टेप लावायचा, गाणं लागलं की हसुराम कागद डोळ्यांपुढे धरून एकेका ओळीचा अर्थ सांगायचा. सोल म्हणजे आत्मा, हेही त्यानेच सांगितलं.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे कहर. शेवटी रूफस असा ओरडतो की पोटात कोणीतरी लाथ घालावी. हसुरामने अर्थ सांगितला: पोरगा कामाला शहरात निघालाय, आई फडक्यात भाकरी बांधून गाडीमागे पळते, गाडी थांबत नाही, आई धुळीत पडते. भाकरीचं अमेरिकेत काहीतरी वेगळं नाव असेल.

माझी आई वारली तेव्हा जहाज लागलेलं होतं, डबल ड्युटी होती, साताऱ्याला पोचलो तो राख थंड झालेली. त्यानंतर दोन वर्षं मी तेवढं एकच गाणं लावत होतो.

आणि हसुरामच्या रिटायरमेंटच्या दिवशी, सन दोन हजार नऊ, कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर तो हसत म्हणाला, "शाजी, आज खरं सांगतो. तो कागद भिजलेला होता, काय वाचता येत नव्हतं. ती आई मी मनानं घातली. तू रडत होतास, मग बंद कशाला करू?"

मी एकच ठेवून दिली. दात त्याच्याच चहाच्या कपात पडला.

सोळा वर्षं झाली. तो काही आला नाही. फार अहंकारी माणूस.

आता पुस्तकात त्या गाण्याचं लिहिलेलं असणारच. आई आहे हे छापील सापडलं की ते पान त्याच्या तोंडावर मारणार. मारणार म्हणजे दाखवणार.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी गार्डनमध्ये हास्य क्लब. अभय जोशी, बँकेतून रिटायर, म्हणाले, "शहाजीराव, या वयात पाचशे पानं? वाचता वाचता मध्येच गेलात तर?" सगळे हसले. हास्य क्लब असल्यामुळे थांबेनात.

मी त्यांची कॉलर धरली. वाकडी होती, नीट करत होतो. दोन बटणं हातात आली. शिलाई खराब.

पण मारलं नाही. रूफस असता तर मारलं असतं. बातमीत लिहिलंय, आपल्याच वाजवणाऱ्यांना तो स्टेजवर बुक्क्या घालायचा. तरी लोक त्याच्या पाया पडायचे. कलावंताचा हात चालतोच. माझ्यात गळा नाही, बाकी सगळं आहे.

१५ जानेवारी

वाचनाचा सराव जोरात. आज सीवूड्स स्टेशनपर्यंत चालत गेलो. नो पार्किंग, एक्झिट, डेंजर, लिफ्ट, पे अँड पार्क. सगळं धडाधड वाचलं. एकदाही अडलो नाही.

अस्मिता म्हणाली, "आण्णा, इंग्रजी पेपर वाचून बघा की." घेतला. मथळे खणखणीत वाचले. खालचा मजकूर दिसत नाही. चष्मा जुना झालाय.

१७ जानेवारी

नवा चष्मा. तरीही मथळ्याखालचं लागत नाही. चष्मेवाल्याला सांगितलं, काच चुकीची आहे. तो म्हणाला, "काका, काच बरोबर आहे, तुम्हाला अक्षर दिसतंय ना?" दिसतंय म्हटलं, पण वेगळंच दिसतंय. तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. मी त्याच्या काउंटरवर मूठ आपटली. काउंटर काचेचा निघाला.

तीन टाके. उजवा हात. लिहायला त्रास होतोय. पुस्तक धरायला डावा आहे.

२० जानेवारी, सोमवार

आज पुस्तक. सहा वाजल्यापासून गेटवर खुर्ची टाकून बसलो. वॉचमन शिवरामला बजावून ठेवलं, अमेरिकेचं पार्सल आलं की मला आधी, बाकी सोसायटी नंतर.

आलं नाही.

२१ जानेवारी

नाही. शिवराम म्हणाला, "आजोबा, खुर्ची जरा बाजूला घ्या, गाड्या अडतात." आजोबा! तो पन्नासचा आहे. छत्री उगारली. फक्त उगारली.

२२ जानेवारी. रात्री १०

आज घात झाला. मी पाच मिनिटं बाथरूमला गेलो तेवढ्यात कुरियरवाला येऊन निघाला. मी पळत आलो तर तो म्हणतो ओटीपी सांगा. ओटीपी अस्मिताच्या मोबाइलवर, अस्मिता ऑफिसात. मी म्हटलं, नाव रूफस मेबरी, माणूस मी समोर उभा, आणखी काय पाहिजे? तो गाडीला किक मारायला लागला. पिशवीत पुस्तकाचा चौकोन दिसत होता.

छत्री मारली. त्याला नाही, गाडीला. आरसा फुटला. तो उतरला. शिवराम मध्ये आला, एक छत्री चुकून त्याला लागली, दुसरी चुकून नाही. मग दोघांनी मिळून मला धरलं. कुरियरवाल्याने माझा बरा हात पिरगाळला. माझी वरची कवळी सुटून गटाराच्या जाळीवर पडली. सुभाष गॅलरीतून मोबाइलवर शूटिंग करत होते.

कुलदीपने आरशाचं मिटवलं. रात्री जेवताना एकच वाक्य बोलला: "आण्णा, आता आणखी एक झालं ना, तर तुम्ही आणि आई गावाला." गावाला घर आहे, पण दार एका बाजूने पडलंय.

सोसायटीची नोटीस आली. इंग्रजीत. मथळा वाचला. खालचं बघितलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ११

आलं! अस्मिताने सुट्टी घेऊन, ओटीपी देऊन, स्वतः हातात ठेवलं. किलोभर वजन. पुठ्ठा असा की डोक्यात घातला तर माणूस आडवा.

कव्हर पूर्ण वाचलं. वर रूफस मेबरी, मोठ्या लाल अक्षरात, खाली आणखी एक नाव. वेळ चार मिनिटं. एक चूक नाही. कव्हरवर रूफस घामाने निथळतोय, डोळे मिटलेले, मूठ वर. अगदी माझ्या मनातला. मागच्या बाजूला चष्मेवाल्या बाईचा हसरा फोटो. तिसरी बायको असावी. बरी दिसते.

आत उद्या. घाई करायची नाही.

२५ जानेवारी. सकाळी

पुस्तक खराब निघालं.

आत सगळी बारीक, वाकडी अक्षरं. ओळीच्या सुरुवातीला एखादं अक्षर नीट, मोठं, कंटेनरवर असतं तसं. मग पुढे छपाई घसरलेली. पानं उलटत गेलो, पाचशे बारापर्यंत तेच. शाई वाचवली.

त्याच दिवशी. दुपारी २

कंपनीला फोन केला. बाईला सांगितलं, पहिलंच अक्षर बरोबर आहे, बाकीची सगळी लहान पडलीत. ती म्हणाली, "सर, इंग्रजी असंच असतं." तिचं नाव विचारलं, पत्ता विचारला, येतो म्हटलं. फोन कट.

कुलदीप मागे उभा होता. सगळं ऐकलं होतं. तो खाली बसला आणि पोट धरून हसला. लहानपणी हसायचा तसा. "आण्णा, लहान लिपी! तुम्हाला फक्त कॅपिटल येतात!"

पितळी तांब्या हाताशी होता. मी कुलदीपच्या दिशेने फेकला नाही. दिशा टीव्हीची होती.

पंचेचाळीस इंची टीव्ही. मधोमध जाळं झालं.

अस्मिताने काचा गोळा केल्या. कुलदीप गाडीचं तिकीट बघायला लागला. राजाबाई म्हणाली, "अवो, तुम्हाला वाचून सांगणारा एकच माणूस होता. त्याचाबी दात पाडलात."

२६ जानेवारी

झेंडावंदनाला खाली गेलो नाही. सगळे बघतात.

कुलदीपने साताऱ्याची तिकिटं काढलीत. दोन तारखेची. आठ दिवस. आठ दिवसांत पुस्तक इथेच वाचून व्हायला हवं. गावाला कोणाला इंग्रजी येतंय?

अस्मिता म्हणाली, मी वाचून दाखवते. पण आईच्या गाण्याचं पान सुनेने वाचायचं आणि मी तिच्यासमोर रडायचं? शक्य नाही. शिवाय तिला ते गाणं माहीत नाही. तिला कसं कळणार कुठे थांबायचं?

ठरलं. हसुरामकडे जायचं. माफी वगैरे नाही. कामापुरतं. वाचून घ्यायचं आणि निघायचं. उलट त्यालाच बरं वाटेल.

२७ जानेवारी

गुडघा दुखतोय. उद्या.

२८ जानेवारी

मंगळवारी नवीन काम सुरू करू नये. शिवाय टाके काढायचे होते.

३० जानेवारी

करावे गावापर्यंत गेलो. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई सुकट वाळत घालत होती. कोण पाहिजे, विचारलं. मी म्हटलं कोणी नाही, वारा खातोय. ती म्हणाली, "बाबा, या सुकटीच्या वाऱ्याला कोन खाल?" तिथून परत.

वाटेत कुत्रं भुंकलं. त्याला पुस्तकाने मारणार होतो, पण पुस्तक खराब झालं असतं. त्याने पँट फाडली.

१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५

आज गेलो. जसं झालं तसं लिहितो.

हसुराम ओट्यावर जाळं विणत बसला होता. पार म्हातारा झालाय. चष्मा सुतळीने बांधलेला. तोंडात विडी, आणि विडी नेमकी त्या दाताच्या फटीत बसवलेली. फट बुजवली नाही अजून.

वर न बघता म्हणाला, "कोन?"

मी म्हटलं, मी, शहाजी.

"कनचा शाजी? माझा दात नेला तो?" मग सुई चालवत, "परत आनलास काय?"

मी पुस्तक पुढे केलं. कामापुरतं आलोय म्हटलं. त्याने कव्हर बघितलं. बराच वेळ बघितलं. विडी विझली.

"हा मेला तर नाय?"

नाही म्हटलं, पुस्तक आलंय. वाचता येतंय मला, पण छपाई खराब आहे.

त्याने पान उघडलं. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. मग हात लुंगीला पुसले आणि पूर्वीसारखंच पुस्तक डोळ्यांपुढे धरलं. मला बस म्हणाला नव्हता, पण मी बसलो.

त्याने सांगितलं, हे रूफसच्या ढोलवाल्याने लिहिलंय. पहिल्याच पानावर तो सांगतो, रूफसने एकदा भर कार्यक्रमात माझा दात पाडला. मालक विचारायला आला तेव्हा मी रूफसचं नाव घेतलं नाही. शिडीवरून पडलो म्हटलं. नाहीतर रूफसची भाकरी गेली असती.

यार्डात साहेबांनी चौकशी केली होती तेव्हा हसुरामने हेच सांगितलं होतं. शिडी. म्हणून माझी शेवटची पाच वर्षं नोकरी राहिली. अमेरिकेतही सगळं असंच चालतं.

मग, म्हटलं, पुढे?

"पुढं लिवलंय, तो एकदा तरी येल म्हनून मी वाट बगितली. सोला वर्सां." हसुरामने पुस्तक मिटलं. "तो काय आयला नाय."

काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, तसा तुझा तो दात हलतच होता, हसुराम. आज ना उद्या पडलाच असता.

पाचशे बारा पानांचं पुस्तक माझ्या थोबाडावर बसलं. छपाई खराब असली तरी बांधणी फार मजबूत आहे. मी ओट्यावरून खाली गेलो, कवळी सुटली आणि जाळ्यात अडकली. गल्लीतली सुकटवाली उठून उभी राहिली.

मीही हात उगारला. उगारला, आणि मग खाली कसा आला ते आठवत नाही. मी काहीतरी म्हणालो. तोंडात दात नसल्यामुळे काय म्हणालो ते मलाच नीट ऐकू आलं नाही. एकच शब्द होता. सोळा वर्षांत तो शब्द मी कोणालाच म्हटलेला नाही, त्यामुळे सवय नव्हती.

हसुरामने जाळ्यातून माझी कवळी सोडवली. मासळीला ते लोक मावरं म्हणतात. कवळी उन्हात धरून म्हणाला, "मावरा बरा गावला." घागरीतलं पाणी घेऊन धुतली, माझ्या हातात ठेवली. आतून चहा आणला. मी चहात बघून घेतलं. दात नव्हता.

निघताना विचारलं, आईच्या गाण्याचं पान?

"आसंल की. शोधू. उद्या दहाला ये." मी गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा मागून ओरडला, "शाजी, दात घरा ठेवून ये!"

त्याच दिवशी. रात्री ९

ओठ सुजलाय. कुलदीपने विचारलं, कोणाला मारून आलात. म्हटलं, या वेळी मी नाही. त्याचा विश्वास बसेना. राजाबाईने ओठाला हळद लावली आणि हसत होती, ते बरोबर नाही.

अस्मिताने पुस्तक पुसून ठेवताना मागचा फोटो बघितला. म्हणाली, "आण्णा, किती छान लिहिते ही. अमेरिकेत प्रोफेसर आहे." कोण म्हटलं, तिसरी बायको? ती म्हणाली, "अहो, बायको कुठली? हे पुस्तक हिनेच लिहिलंय."

फोटो दिव्याखाली धरून नीट बघितला. बाई आहे. ढोल वाजवणारी दिसत नाही. हसतेय. दात सगळे जागेवर.

म्हणजे त्या पानावर शिडी नाही. वाट बघणं नाही. सोळा वर्षंही नाहीत. रूफसची भाकरी गेली असती म्हणाला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पुन्हा मनानं घातलं.

उद्या तो आईचं पानही शोधणार. सापडणारच त्याला.

पहिला विचार, आत्ता जाऊन त्याचे उरलेलेही पाडावेत. चप्पल घातली. चप्पल काढली. पान परत उघडून बघितलं. ती बारीक अक्षरं. तिथे काय लिहिलंय ते मला काही सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कोणाला विचारणार नाही.

कुलदीपला म्हटलं, उद्याची तिकिटं रद्द कर. तो म्हणाला, कशाला? म्हटलं, रोज अर्धं पान, पानं पाचशे बारा, मोजून बघ. त्याने मोजलं. मग माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल खिशात ठेवला. रद्द केली की नाही ते सांगितलं नाही.

उद्या दहाला जायचं. कवळी पेल्यात काढून ठेवली आहे.